जिममधला दरबार

मुलीच्या बॅले क्लासच्या कार्यक्रमात यंदा पालकांनाही नाचायचं आहे, असं तिच्या बाईंनी जाहीर केलं तेव्हा माझ्या नवऱ्याने माझ्याकडे न बघताच हात वर केला. ऑगस्ट संपत आला होता. इथे अमेरिकेत, रेडमंडला अजून ऊन होतं आणि क्लासच्या लाकडी जमिनीवर आम्ही काही आईबाप बूट काढून, मोज्यांवर, मांडी घालून बसलो होतो. बहुतेक सगळे सॉफ्टवेअरवाले. एकाच्या मांडीवर तर उघडा लॅपटॉप होता. समोर बाई उभ्या. सत्तरीच्या, काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, एके काळी मोठमोठ्या रंगमंचांवर नाचलेल्या. मुलगी त्यांना ‘मिस’ म्हणायची. मी घरात नुसतं ‘बाई’ म्हणायचे.

बाईंनी सांगितलं की या हिवाळ्यात आपण बॅले जिथून आला तिथे जायचं, राजवाड्यात. हा नाच रंगमंचावर जन्मलाच नाही, तो जेवणावळीत जन्मला. इटलीतल्या सरदारांच्या मेजवान्यांत दोन पदार्थांच्या मधल्या वेळेत देवदेवता यायच्या, सोनेरी रथ यायचे, जलपऱ्या नाचून जायच्या आणि मग पुढचं पक्वान्न यायचं. पुढे तिथल्या एका घराण्यातली मुलगी फ्रान्सच्या राजघराण्यात सून म्हणून गेली आणि जाताना ही हौसही घेऊन गेली.

“रुखवतात,” नवरा माझ्या कानाशी कुजबुजला. मला हसू आवरेना. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या पुढे बोलत राहिल्या.

फ्रान्सच्या दरबारात मग लग्नकार्याला, तहाला, राजपुत्राच्या जन्माला असे देखावे होऊ लागले. वरून खाली उतरणारे ढग, दिवाणखान्यात कारंजी, कविता, गाणी आणि नाच. संध्याकाळी सुरू झालेला कार्यक्रम उजाडेपर्यंत चालायचा. आणि नाचणारे कोण? कलाकार नव्हेत. खुद्द राजा, राणी, सरदार, त्यांच्या बायका.

“म्हणजे तुमच्यासारखे,” बाई म्हणाल्या. “ज्यांना नाचता येत नाही, पण नाचल्याशिवाय सुटका नाही असे.”

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कायम पडदा ओढायला उभा असलेला माझा नवरा त्या दिवशी घरी येताना गाडी चालवता चालवता उजव्या हाताने हवेत वळणं काढत होता. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, “बाबा, प्लीज. बोथ हँड्स ऑन द व्हील.”

पहिले काही शनिवार आम्ही नुसतं चालायला शिकलो. सांगूनही पटणार नाही, पण ते कठीण होतं. पावलं बाहेरच्या बाजूला वळवून, पाठ ताठ, हनुवटी जराशी वर. पावलं अशी बाहेर का वळवायची, तर रेशमी मोज्यातली पोटरी आणि बुटावरचं बक्कल राजाला दिसावं म्हणून. आज जी मुलं घोट्यांची हाडं दुखेपर्यंत पाय वळवायला शिकतात, त्याचं मूळ या दिखाऊपणातही आहे असं बाई म्हणाल्या. जोडीने हात धरायचे तेही पंजा पंजात घालून नाही. तिच्या बोटांची टोकं त्याच्या बोटांवर, बस्स. मग दोघांनी वेगळं व्हायचं, एकाने डावीकडून आणि एकाने उजवीकडून मोठं वळण घ्यायचं आणि समोरून येऊन पुन्हा बोटं जुळवायची.

“एकमेकांकडे टक लावून बघू नका,” बाई म्हणायच्या. “पण दुसरा कुठे आहे हे तुम्हाला कायम माहीत असलं पाहिजे.”

लग्नाला सोळा वर्षं झालेली. एकमेकांचं कॅलेंडर आम्हाला तोंडपाठ होतं. कुणाची मीटिंग, कुणाचं ग्रोसरी पिकअप. पण पाठमोरं चालत असताना तो कुठे आहे याचा अंदाज मनात धरून ठेवायचा आणि वळणाच्या शेवटी तो खरोखर तिथे असायचा, याचं मला त्या शनिवारी जे वाटलं ते सांगताना अजूनही थोडी लाज वाटते.

सप्टेंबरमध्ये सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. बायपास करायला सांगितली. नवरा मिळेल त्या विमानाने पुण्याला गेला. ऑपरेशन नीट झालं, सासरे घरी आले, आणि मग परतीचा प्रश्न आला. त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता. इथे राहून काम करायला आमचे कागद चालतात, पण एकदा बाहेर पडलं की आत येताना नवा शिक्का लागतो. अमेरिकन वकिलातीत त्याची मुलाखत झाली, त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला आणि अजून तपासणी बाकी आहे असं सांगितलं. किती दिवस, ते कुणी सांगत नव्हतं. कंपनीने काही काळ तिथून काम करू दिलं. मी जावं तर माझाही शिक्का संपलेला, मुलीची शाळा चालू, आणि मीही अडकले तर इथलं घर, नोकरी सगळंच अधांतरी.

“यार, होईल गं,” तो फोनवर म्हणायचा. पहिल्या आठवड्यात हसत म्हणायचा. नंतर नुसतंच म्हणायला लागला.

पाऊस सुरू झाला. इथला पाऊस कोसळत नाही, झिरपत राहतो. चार वाजताच अंधार होतो. बुधवारी माझी मीटिंग उशिरापर्यंत असायची आणि मुलीला क्लासला न्यायला कुणी नव्हतं. तेव्हा आमच्या ओळखीच्या डॉक्टरकाकांनी स्वतःहून सांगितलं, “मी नेतो तिला. मला तरी काय काम आहे?”

काका मूळचे नागपूरचे. इथे सॉफ्टवेअरची एवढी गर्दी व्हायच्या कितीतरी आधी आलेले, चाळीस वर्षं इथल्या लोकांना भूल देण्यात गेलेली, आता निवृत्त. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा न्यू जर्सीत. एका गुडघ्यात धातूचा सांधा होता, पण चालणं ताठ होतं. बुधवारी ते क्लासच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून चष्मा कपाळावर चढवून मुलींचा सराव बघायचे. मला वाटायचं, त्यांना झोप येत असेल. एकदा त्यांनीच विचारलं, “हे शेवटी सगळ्या वाकून नमस्कार करतात, तोही त्या राजाच्या वेळचाच का?”

तोही तिथलाच होता. क्लास संपताना बॅलेच्या मुली बाईंना आणि पियानोवाल्याला वाकून जे नमन करतात, ते दरबारातून आलेलं आहे.

शनिवारी मी एकटी जात राहिले. बाईंनी विचारलं, दुसरा जोडीदार देऊ का? मी नको म्हटलं. तो येईल, कार्यक्रमाला अजून वेळ आहे. बाईंनी मान हलवली. मग मी हात पुढे करून मोकळ्या हवेचा हात धरायचे, वळण घ्यायचे आणि परत येऊन पुन्हा हवेचा. बाकीच्या जोड्या माझ्या शेजारी नेमका एक माणूस मावेल एवढी जागा सोडून चालायच्या. अमेरिकन माणसं अशा वेळी फार चांगली वागतात, आणि ते चांगलं वागणंच मला सहन व्हायचं नाही. गाडीत बसल्यावर काच पुसायचं निमित्त करून मी बराच वेळ इंजिन चालू करायचे नाही.

त्या वर्षी कार्यक्रम नेहमीच्या नाट्यगृहात नव्हता. बाईंनी मुद्दाम एका हायस्कूलची जिम घेतली होती, म्हणजे बास्केटबॉलचं मैदान आणि त्याच्या तिन्ही बाजूंना वर चढत जाणारी बाकं. दरबारातला नाच समोरून बघायचा नव्हताच, तो वरून बघायचा असायचा. सज्जात बसलेल्यांना खाली माणसांची वर्तुळं, त्रिकोण, चौकोन बनताना आणि विरघळताना दिसायचे. बास्केटबॉलच्या जमिनीवर रंगाच्या रेषा आधीच मारलेल्या होत्या. मधलं वर्तुळ, टोकांच्या कमानी. आम्ही त्यांच्यावरूनच चालायला शिकलो.

तिथल्या पहिल्या सरावात बाई सगळ्यात वरच्या बाकावर जाऊन बसल्या. आमचा नाच झाल्यावर खाली आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मला तुझं कळतं. पण वरून ती जागा रिकामी दिसत नाही. वरून ती चूक दिसते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर नवऱ्याला सांगितलं. आमच्याकडे रविवारची सकाळ, पुण्यात रात्रीची जेवणं आटोपत आलेली. तो गच्चीवर उभा होता, मागे शेजारच्या इमारतीतले दिवे.

तो म्हणाला, “काकांना विचार ना.”

“काकांना? त्यांच्या गुडघ्याचं काय?”

“उड्या कुठे मारायच्यात? चालायचंच आहे. आणि हे बघ, अनोळखी कुणाबरोबर तू नाचतेयस हे मला नाही आवडणार.” मग म्हणाला, “स्टेप्स मी शिकवतो त्यांना.”

“तू?”

“मी रोज करतो इथे. गच्चीवर. बाबा खुर्ची टाकून बसतात, त्यांना चालायला सांगितलंय तर तेही दोन फेऱ्या मारतात माझ्यामागून.”

मला हे माहीतच नव्हतं. पाऊल वळवून, हनुवटी वर करून तो पुण्याच्या गच्चीवर रोज माझ्या शेजारच्या जागेत चालत होता, आणि मला त्याने सांगितलं नव्हतं.

काका आधी नाहीच म्हणाले. “अगं, मी स्वतःच्या लग्नातसुद्धा नाचलो नाही. तुझ्या काकूने किती ओढलं होतं. आणि पोटऱ्या दाखवायच्या म्हणतेस? या वयात?” पण पुढच्या रविवारी सकाळी ते आले. मी सोफा भिंतीला लावला, डायनिंग टेबलावर फळांच्या टोपलीला टेकवून फोन उभा केला. फोनमध्ये नवरा. काकांनी स्वेटर काढून खुर्चीला अडकवला आणि विद्यार्थ्यासारखे उभे राहिले.

“काका, उजवा पाय. नाही, तुमचा उजवा. मी आरशासारखा दिसतोय तुम्हाला.”

“मग तू पाठ फिरवून दाखव ना बाप्पा!”

नवऱ्याने पाठ फिरवली. मग तो तिकडे आणि काका इकडे, एकाच दिशेने चालू लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होते. वळण पूर्ण झालं आणि दोघांनी एकाच वेळी हात पुढे केला. एक हात फोनच्या काचेत, बोटाएवढा. एक माझ्यासमोर, सुरकुतलेला, नखं स्वच्छ कापलेली. मी कप खाली ठेवले आणि काकांची बोटं धरली. फोनमधला हात तसाच राहिला, मग नवऱ्याने तो हळूच खाली घेतला आणि म्हणाला, “हां. परफेक्ट.”

तेवढ्यात मुलगी पायजम्यातच खाली आली. तिने सोफा बघितला, काका बघितले, माझा हात बघितला.

“दॅट्स बाबाज् स्पॉट,” ती म्हणाली. रडकुंडीला येऊन नाही, नुसतीच म्हणाली. त्यामुळे जास्त लागलं.

मी तिला काही सांगणार, तोच काका म्हणाले, “हो बेटा, त्याचीच आहे. तुला एसटी माहितीये? गावाकडची बस. तिला इतकी गर्दी असते की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरतात. मग रुमालाचा मालक येईपर्यंत तिथे कुणी बसत नाही. मी तो रुमाल आहे.”

मुलीने विचार केला. “यू आर अ हँकी?”

“हो. स्वच्छ धुतलेला.”

ती हसली नाही, पण जिन्याच्या पायरीवर बसून राहिली आणि आमचा सराव संपेपर्यंत काकांच्या चुका काढत राहिली. कार्यक्रमातल्या आमच्या नाचात राजा तीच होती. फ्रान्सचा एक राजा चौदा वर्षांचा असताना दरबारात उगवता सूर्य बनून नाचला होता, अंगभर सोनं आणि डोक्यावर किरणं लावून. त्याच्या आधी रात्रीची सगळी सोंगं येऊन जायची आणि शेवटी तो उगवायचा. माझी मुलगीही चौदाची. तिला खरं तर उड्या आणि गिरक्या हव्या होत्या, हा संथ सूर्य तिला पटला नव्हता. पण आम्ही सगळ्यांनी तिच्यापुढे झुकायचं आणि तिला पाठ न दाखवता मागे सरकायचं, हा भाग तिला मनापासून आवडला होता. घरीही ती अधूनमधून मला तशी मागे सरकायला लावायची.

कार्यक्रम डिसेंबरमधल्या शनिवारी दुपारी होता. वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या थ्रिफ्ट स्टोअरमधून आणलेल्या जड पडद्यांचे आम्ही झगे शिवले होते. काकांनी गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवले होते आणि टाचेच्या बुटांत ते माझ्यापेक्षा चांगले चालत होते. “भूलतज्ज्ञाला घाबरलेलं दाखवायची परवानगी नसते,” ते म्हणाले, पण त्यांची बोटं गार होती. पुण्यात तेव्हा रविवारची पहाट. माझी ऑफिसातली मैत्रीण सगळ्यात वरच्या बाकावर फोन धरून बसली होती. फोनमध्ये नवरा, आणि त्याच्या शेजारी कानटोपी घातलेले सासरे.

वाद्यं सुरू झाली आणि आम्ही आत गेलो. मला त्यातलं फारसं आठवत नाही. मधल्या वर्तुळावरून आम्ही वेगळे झालो, मी डावीकडे वळले. माझ्या पाठीमागे काका आहेत हे मला माहीत होतं. तरी त्या वळणाच्या मध्यावर, बास्केटबॉलच्या जाळीखालच्या कमानीपाशी, माझ्या मनाने काकांना बाजूला सारलं आणि तिथे त्याला ठेवलं. काही पावलंच. वळण संपेपर्यंत मी त्याच्याकडेच चालत होते. समोर काका आले. त्यांचे डोळे भरलेले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि ते वळणभर कुणाकडे चालत आले होते हे मला विचारावं लागलं नाही. आम्ही बोटं जुळवली आणि पुढे गेलो.

मग सूर्य उगवला. पुठ्ठ्याची सोनेरी किरणं जराशी तिरकी झाली होती. आम्ही सगळे झुकलो.

दरबारातल्या रिवाजाप्रमाणे शेवट मोठ्या नाचाने होता. नाचणाऱ्यांनी बघणाऱ्यांमध्ये जायचं, हात धरून त्यांना खाली आणायचं आणि सगळ्यांनी मिळून नाचायचं. आम्ही बाकांकडे निघालो तेवढ्यात राजा नियम मोडून धावत सुटला. झगा दोन्ही हातांनी वर धरून मुलगी शेवटच्या बाकापर्यंत चढली, माझ्या मैत्रिणीच्या हातातून फोन घेतला आणि खाली येऊन गर्दीत गिरक्या घेऊ लागली. मघापासून हव्या होत्या तशा, एकामागून एक. फोनमधून नवऱ्याचा आवाज येत होता, “अगं, मला फक्त छतावरचे दिवे दिसतायत! हळू, हळू, आजोबांना चक्कर येतेय!” ती हसत होती आणि रडत होती. तिला कुणी थांबवलं नाही, बाईंनीसुद्धा नाही.

नंतर झगे घड्या करताना मी बाईंना विचारलं, मग हा असा नाच बंद का झाला? त्या म्हणाल्या, राजाचं वय झालं, अंग सुटलं, त्याने नाचणं सोडलं. राजा नाचत नाही म्हटल्यावर सरदारांनीही हळूहळू सोडलं. ज्यांना खरंच येत होतं ते रंगमंचावर गेले, पोटासाठी नाचू लागले आणि फार सुंदर नाचू लागले. “मीही त्यांच्यातलीच,” बाई म्हणाल्या. “पण बाकीचे सगळे तेव्हापासून अंधारात खुर्च्यांवर बसले.” एवढं बोलून त्यांनी झग्यांची पेटी बंद केली.

नवरा मार्चमध्ये परत आला. एका साध्या सकाळी ईमेल आला, पासपोर्ट घेऊन जा म्हणून. एवढे महिने ज्याची वाट पाहिली ते असं सरळ, काही कारण न सांगता झालं. विमानतळावर मुलगी त्याच्या खांद्याच्या वर गेलेली होती. तो तिच्याकडे बघतच राहिला. पहिले काही दिवस घरात तो पाहुण्यासारखा वागायचा, कुठला डबा कुठे आहे ते विचारायचा. मग पूर्वीसारखं झालं. कॅलेंडर, ग्रोसरी, मीटिंग. बाईंनी वसंतातल्या कार्यक्रमाची तयारी सुरू केली होती आणि त्यात पालक नव्हते.

त्या उन्हाळ्यात काका न्यू जर्सीला मुलाकडे राहायला गेले, एडिसनला. घर विकलं, गाडी आम्हाला घ्यायला लावली. जाताना माझ्या मुलीला म्हणाले, “रुमाल उचलला बरं का.” तिने त्यांना पाठ न दाखवता, झुकून, पार दारापर्यंत मागे सरकून निरोप दिला.

आता महिन्यातून एकदा दोनदा फोन होतो. तिथे सगळं मिळतं असं ते सांगतात, ताजी मेथी, चकली, हवं ते. नातवंडं चांगली आहेत. देवळात ओळखी झाल्यात. मी विचारते, काका, चालायला जाता की नाही? जातो म्हणतात. त्या महिन्यांत नवऱ्याची आठवण काढत मी ज्यांचा हात धरून चालले, त्यांचीच आठवण काढत आता बसायचं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मागच्या वेळी मी म्हटलं, “या ना काका थोडे दिवस. उन्हाळ्यात इथे किती छान असतं.”

“येईन गं,” ते म्हणाले. “गुडघा बघू काय म्हणतो.” त्यांच्या मागे कुणीतरी लहान मूल इंग्रजीत त्यांना जेवायला बोलावत होतं. “चल, ठेवतो,” म्हणाले, पण फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.